सोफ्यावरचं 1813 सालचं चित्र उतरवायचं का?

प्रश्न : आम्ही सिडनीजवळ पॅरामॅटाला राहतो. मागे ब्लू माउंटन्सकडे फिरायला गेलो होतो, तेव्हा जुन्या वस्तूंच्या एका दुकानात एक रंगीत चित्र दिसलं. झाडाच्या ढोलीतून धूर निघतोय, एक ॲबोरिजिनल, म्हणजे इथला मूळ रहिवासी, माणूस झाडावर चढलाय, खाली जाळ केलाय. खाली बारीक इंग्रजीत ‘स्मोकिंग आउट द ओपॉसम’ असं नाव, क्लार्क आणि डुबर्ग अशी दोन आडनावं, मग ऑर्म, बाँड स्ट्रीट, लंडन आणि 1 जानेवारी 1813 अशी तारीख. दुकानदाराने अस्सल आहे म्हणून सांगितलं. बऱ्यापैकी पैसे मोजून घेतलं आणि हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलं.

नववीतल्या मुलीने बघताक्षणी तोंड फिरवलं. ‘आई, हे वंशवादी आहे, उतरव. नाहीतर मी कुणालाच घरी बोलावणार नाही.’ तिची एक जवळची मैत्रीण ॲबोरिजिनल कुटुंबातली आहे. यांचं म्हणणं, हा इतिहास आहे, लपवायचा कशाला? इथे अडचण असेल तर पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेऊन लावू. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. त्या म्हणतात, ‘आपल्याकडे वारल्यांची चित्रं लावतातच की, त्यात काय एवढं!’ मला तिघांचंही पटतं आणि कुणाचंच पटत नाही. चित्र खरं आहे का, घरात लावावं का, की एखाद्या म्युझियमला देऊन टाकावं? — एक वाचक, पॅरामॅटा

उत्तर : ताई, तुमच्या तीन प्रश्नांतला पहिला सर्वांत सोपा आहे आणि त्याच्या उत्तरातच दुसऱ्याचं अर्धं उत्तर दडलंय. म्हणून आधी कागदाकडे बघू.

चित्राखालच्या ओळींवरून ते कुठलं हे लगेच सांगता येतं. एडवर्ड ऑर्म हा लंडनचा प्रकाशक. न्यू साउथ वेल्सच्या मूळ रहिवाशांच्या शिकारी, मासेमारी, नाच, लढाई अशा विषयांवर त्याने 1813 मध्ये दहा रंगीत चित्रांचा एक संच काढला. ‘फील्ड स्पोर्ट्स’ या शब्दांनी त्याचं नाव सुरू होतं. चित्रं जॉन हेविसाइड क्लार्कची, ती तांब्याच्या पत्र्यावर उतरवली डुबर्गने. क्लार्कच्या नावापुढे ‘डेल.’ आणि डुबर्गच्या नावापुढे ‘स्कल्प.’ अशी खूण असेल. पहिल्याने रेखाटलं, दुसऱ्याने कोरलं, एवढाच तिचा अर्थ. तुमचं चित्र त्या दहांपैकी एक.

आता प्रत अस्सल आहे का? फ्रेम उघडल्याशिवाय याचं उत्तर कुणीही देऊ नये, दुकानदाराने तर नाहीच नाही. उघडल्यावर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि आभाळाचा किंवा धुराचा भाग बघा. छोटे-छोटे रंगीत ठिपके एकसारख्या ओळींत किंवा फुलासारख्या वर्तुळांत बसलेले दिसले, तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. विषय संपला, पोस्टर समजा. तुमचं चित्र अस्सल असेल तर ते ॲक्वाटिंट या जुन्या छापपद्धतीचं असणार, आणि तीत असे शिस्तीतले ठिपके नसतात. त्या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड भुरभुरवून ती तापवून चिकटवत आणि मग पत्रा आम्लात बुडवत. राळेच्या कणांमधल्या फटींतून आम्ल तांबं खाई. त्यामुळे छापात वेडीवाकडी, वाळूसारखी रवाळ छटा उमटते. ती एकदा भिंगाखाली बघितली की पुन्हा चुकत नाही.

दुसरी खूण बोटांना कळते. पत्र्याच्या दाबाने चित्राभोवती कागद चौकोनात किंचित खोल गेलेला असतो. कुणी कडा छाटल्या असतील तर तो चौकोन सापडणार नाही, पण म्हणून चित्र लगेच खोटं ठरत नाही. तिसरी खूण कागद उजेडापुढे धरल्यावर दिसते. ‘जे. व्हॉटमन’ असं जलचिन्ह आणि त्याखाली साल असेल तर उत्तम. साल 1813 च्या बरंच नंतरचं निघालं तरी घाबरू नका. पत्रे तेच राहत आणि मागणी आली की पुन्हा छापत. तारीख पत्र्यावर कोरलेली असल्याने उशिराच्या छापावरही 1813 च दिसते. प्रत जुनीच, पण पहिल्या छापाची नाही. किंमत मात्र त्यावर ठरते, तेव्हा दुकानदाराने काय सांगून किती घेतलं ते आठवून ठेवा.

रंगांबद्दल एक गोष्ट, ती पुढे लागणार आहे. हे रंग छापलेले नाहीत. छाप निघाल्यावर लंडनमध्ये रंगारी बसून हाताने जलरंग भरत, त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रती कधी तंतोतंत सारख्या नसतात. तुमच्या चित्रातल्या माणसांच्या कातडीचा रंग ठरवला तो त्या रंगाऱ्याने, आणि त्याने सिडनीचा माणूस बघितला असण्याची शक्यता फारच थोडी.

बघितला नव्हता तो क्लार्कनेही. हा गृहस्थ ऑस्ट्रेलियात कधी गेलाच नाही. लंडनमध्ये बसून त्याने कुणाच्या तरी आधीच्या रेखाटनांवरून ही चित्रं रचली. ती रेखाटनं जॉन विल्यम ल्यूइनची असावीत असा अभ्यासकांचा कयास आहे. ल्यूइन 1800 मध्ये सिडनीला आला. कैदी म्हणून आणला न जाता आपल्या मर्जीने आलेला तिथला पहिला व्यावसायिक चित्रकार तो, आणि 1819 मध्ये तिथेच वारला. म्हणजे चित्राच्या पोटात कुणाचं तरी प्रत्यक्ष बघणं आहे आणि पाठीवर लंडनचं घडवणं. माणसांचे देह बघा, इंग्लंडच्या कलाशाळांत ग्रीक पुतळ्यांवरून जसे शिकवत तसे पीळदार. झाडांचा निलगिरीशी संबंध बेताचाच.

ऑर्मने ही चित्रं विकली कुणाला, हेही महत्त्वाचं आहे. 1814 मध्ये त्याने देशोदेशींच्या शिकारींचा शंभर चित्रांचा एक मोठा ग्रंथ काढला आणि न्यू साउथ वेल्सची ही दहा चित्रं त्याला पुरवणी म्हणून जोडली. त्याच्या काही वर्षं आधी याच ऑर्मने आपल्याकडच्या वाघ-डुकरांच्या शिकारीचा चाळीस चित्रांचा ग्रंथ काढला होता. बंगालच्या फौजेतला कप्तान विल्यमसन याच्या रेखाटनांवरून ती चित्रं सॅम्युअल हॉविटने केली होती. हत्तीवर साहेब, खाली हाकारे. त्यांच्या नकला आजही आपल्याकडच्या जुन्या क्लबांत आणि हॉटेलांत टांगलेल्या दिसतात. एकाच दुकानाचा हा माल, गिऱ्हाईकही तेच, घोडे-बंदुका पाळणारे श्रीमंत शिकारी. फरक एवढाच की बंगालचा साहेब वाघामागे हौसेने जात होता आणि तुमच्या चित्रातला माणूस रात्रीच्या जेवणासाठी झाडावर चढलाय. पोटासाठीची मेहनत ऑर्मने शौकाच्या फडताळात मांडली. तुमच्या मुलीला चित्रात जे खुपतंय ते बहुधा हेच आहे, तिला ते नेमक्या शब्दांत सांगता आलेलं नसलं तरी.

पण मुलीचं एक ऐकायचं नाही. चित्रात काही खरं नाहीच असं ती म्हणत असेल, तर ते चूक आहे.

पॉसमला धूर देऊन ढोलीतून बाहेर काढणं ही खरी रीत होती. तुमच्या छपरावर रात्री धुडगूस घालणारा, कढीपत्त्याची कोवळी पानं ओरबाडणारा प्राणी तो हाच. आज त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि परवान्याशिवाय पकडताही येत नाही, हे तुम्ही कधीतरी वैतागून शोधलं असेलच. त्या काळी तो अन्न होता आणि वस्त्रही. झाडावर चढायला दोर नाही, शिडी नाही. दगडी कुऱ्हाडीने सालीत अंगठ्यापुरती खाच पाडायची, तीत पायाचा अंगठा रोवायचा, एका हाताने बुंध्याला मिठी मारून दुसऱ्याने वरची खाच पाडायची. साठ-सत्तर फूट सरळसोट गुळगुळीत निलगिरीवर असं चढणाऱ्याचं धाडस बघून सुरुवातीला आलेले इंग्रज अधिकारी थक्क झाले आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. त्यांच्याही कितीतरी आधी, 1642 मध्ये, आबेल टास्मानच्या खलाशांना आजच्या टास्मानियात झाडांवर पाच-पाच फुटांवर पाडलेल्या खाचा दिसल्या होत्या. इथे राक्षस राहतात की काय, अशी शंका त्यांनी घेतली!

अशा खाचा किंवा साल काढल्याच्या खुणा असलेली झाडं आजही कुठेकुठे उभी आहेत आणि न्यू साउथ वेल्समध्ये 1974 च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. मुलीला घेऊन एखादं झाड बघून या. एवढं केलंत तर चित्रातला माणूस तिला निराळा दिसेल.

आणि कातडी. आग्नेय ऑस्ट्रेलियात, विशेषतः आजच्या व्हिक्टोरियात आणि मरे नदीच्या काठाने, पॉसमची कातडी शिवून मोठाली पांघरुणं करत. केसाळ बाजू आत, आणि बाहेरच्या कातड्यावर कोरलेली नक्षी. मूल पाठीशी बांधायला तेच, झोपायला तेच, समारंभात बायका मांडीवर ताणून त्यावर ठेका धरत, आणि माणूस गेला की त्यात गुंडाळून पुरत. मग गोऱ्यांचं सरकार ब्लँकेटं वाटू लागलं. पावसात भिजली की अंगाला गार चिकटणारी ती लोकर पॉसमच्या कातड्याची जागा घेणार कशी? पण जंगल हातचं गेलं होतं आणि शिकारही. जुन्या पांघरुणांतली मोजकीच उरली. मेलबर्नच्या म्युझियममध्ये 19व्या शतकातली दोन आहेत, एक लेक काँडाचं आणि एक मरे नदीकाठच्या मेडन्स पंटचं. त्यांच्यावरून शिकत व्हिकी कझन्स, ली डारॉक, ट्रीना हॅम अशा तिथल्याच कलावंत बायकांनी ही कला पुन्हा जागी केली. 2006 च्या मेलबर्न राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या उद्घाटनाला ज्येष्ठ मंडळी अशी नवी पांघरुणं घेऊन आली होती. गंमत अशी की ऑस्ट्रेलियात पॉसम संरक्षित असल्याने कातडी आता न्यूझीलंडहून आणतात. तिथे गोऱ्यांनीच हा प्राणी फरसाठी नेऊन सोडला आणि तो आता डोकेदुखी झालाय.

तेव्हा चित्रात जे आहे त्यातलं बरंच खरं आहे. अडचण आहे ती चित्रात जे नाही त्याची.

1813 साली सिडनीला गोरे येऊन पंचवीस वर्षं झाली होती. 1789 मध्ये देवीच्या साथीने आसपासच्या लोकांचा इतका संहार केला की निम्मे गेले असावेत असा खुद्द गव्हर्नर फिलिपचा अंदाज होता. तुमच्याच पॅरामॅटाभोवती पेमलवुय नावाच्या माणसाने गोऱ्यांशी वर्षानुवर्षं झुंज दिली, त्याला 1802 मध्ये गोळी घालून मारलं. चित्र छापल्यावर तीन वर्षांनी, एप्रिल 1816 मध्ये, सिडनीच्या नैऋत्येला ॲपिन इथे गव्हर्नर मॅक्वारीने पाठवलेल्या सैनिकांनी बायका-मुलांसह किमान चौदा जण मारले. त्यांतले काही कड्यावरून खाली पडले. लंडनच्या गिऱ्हाइकाने संच चाळला तर त्याला काय दिसावं? निवांत रान, धडधाकट माणसं, कुणाचाही जाच नाही, आणि गोरा माणूस तर औषधालाही नाही. या चित्राची लबाडी, मला विचाराल तर, देहाच्या आकारात नाही. ती या निवांतपणात आहे.

तुम्ही पॅरामॅटाला राहता म्हणून आणखी एक सांगतो. मॅक्वारीने 1814 च्या अखेरीस ॲबोरिजिनल मुलांसाठी एक शाळा काढायची ठरवली आणि ती तुमच्या गावातच उघडली. मुलं आईबापांपासून वेगळी ठेवायची. 1819 मध्ये साऱ्या वसाहतीतल्या मुलांची एक परीक्षा झाली. जवळजवळ शंभर गोऱ्या मुलांना मागे टाकून पहिलं बक्षीस याच शाळेतल्या एका मुलीने पटकावलं. तिचं नाव मरिया. यारामुंडी या नामांकित वडीलधाऱ्याची ही मुलगी, पुढे मरिया लॉक म्हणून ओळखली गेली आणि सरकारदरबारी अर्ज करून तिने जमीनही मिळवली. शाळा नंतर 1823 मध्ये ब्लॅकटाउनला हलवली. ती ब्लॅकटाउनची जागा 2018 मध्ये धारुग या तिथल्या मूळ लोकांच्या संस्थेकडे परत आली. तुमच्या चित्रातल्या माणसांना नावं नाहीत. तुमच्या गावाच्या इतिहासात मात्र नावं भरपूर आहेत आणि ती शोधायला लांब जावं लागत नाही.

आता लावायचं की नाही. माझं स्पष्ट मत: सोफ्याच्या वरून उतरवा, पण माळ्यावर टाकू नका.

सोफ्याच्या वर आपण जे लावतो ते शोभेसाठी. पाहुणा चहा घेताना त्याकडे बघतो, ‘वा, छान आहे’ म्हणतो आणि विषय बदलतो. हे चित्र तसं बघितलं जायला नको, कारण ऑर्मलाही ते अगदी तसंच बघितलं जायला हवं होतं. अभ्यासाच्या खोलीत, पुस्तकांच्या बाजूला लावा, जिथे थांबून वाचावं लागतं. शेजारी एक छोटी चिठ्ठी लावा: कुणी केलं, कुठे बसून केलं, तेव्हा ही जमीन कुणाची होती, चित्रात काय वगळलंय. चार-पाच ओळी पुरेत. ती चिठ्ठी तुम्ही लिहू नका, मुलीला लिहू द्या. तिच्या मनातला राग तिला भिंतीवर मांडता येईल आणि तुम्हाला तिच्याशी वाद घालायला काहीतरी ठोस मिळेल. घरातली सगळीच भांडणं मिटायला हवीत असं नाही.

एक मात्र कटाक्षाने पाळा. तिच्या मैत्रिणीला बोलावून चित्रापुढे उभं करून ‘तुला कसं वाटतं गं?’ असं विचारू नका. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने साऱ्या लोकांच्या वतीने परीक्षकाच्या खुर्चीत का बसावं? तुमची मुलगी शाळेत जातीवरून किंवा साडीवरून ‘तुमच्याकडे असं असतं का?’ या प्रश्नाला कशी उत्तरं देत असेल ते आठवा. मैत्रीण स्वतःहून काही म्हणाली तर ऐका. ती म्हणाली की मला हे बघवत नाही, तर ती असताना ते उतरवून ठेवणं ही साधी माणुसकी आहे, त्यावर घरात चर्चासत्र नको.

आणि विषय दुसरा असता तर माझं उत्तरही दुसरं असतं. त्या काळातल्या काही छापील चित्रांत मुलांच्या दीक्षाविधीचे प्रसंग आहेत. सिडनीचा न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स याच्या 1798 च्या ग्रंथात तशी चित्रं आहेत. असे विधी सगळ्यांनी बघायचे नसतात. ते चित्र कुठल्याच खोलीत लावू नका म्हणून सांगितलं असतं. तसंच नाव असलेल्या, आता हयात नसलेल्या माणसाच्या चित्राबद्दल. अनेक ॲबोरिजिनल समाजांत मृताचं नाव घेणं, चेहरा दाखवणं दुःखाचं मानतात, म्हणून तिथली ग्रंथालयं आणि टीव्हीवाले आधी सूचना देतात. पॉसमच्या शिकारीला ही अडचण नाही.

सासूबाईंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. त्यांनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय, फक्त ते उलट्या बाजूने. वारली चित्रं वारल्यांनी काढली. लग्नाचा चौक घरातल्या सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढत. मग जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2014 मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर धरणारी माणसं हे त्यांनी स्वतःचं जगणं स्वतःच्या हाताने मांडलंय. तुमच्या सोफ्यावर क्लार्क आहे. लंडनच्या माणसाने डहाणूला न जाता तारपा काढला असता, तर सासूबाईंनी तो घरात लावला असता का, हे त्यांनाच विचारा. (आणि हो, पुण्यातल्या घरात जे वारली चित्र आहे ते कुणी वारल्याने काढलंय की सुरतेच्या कापडावर छापलंय, तेही एकदा बघा.)

यातूनच एक चांगला मार्ग निघतो. ॲबोरिजिनल माणसांनी स्वतः कागदावर काढलेलं रोजचं जगणं 19व्या शतकातलंही आहे. न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचा ‘मिकी ऑफ उलाडुला’ हा 1891 मध्ये वारला. त्याने पेन्सिल, खडू आणि जलरंगांनी मासे, होड्या, नाच काढले. मासे असे की कोळ्याला जात ओळखता यावी. त्याची चित्रं 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गेली आणि तिथे कांस्यपदक मिळालं. मरे नदीकडचा टॉमी मॅक्रे शाईने शिकारी आणि नाच काढून चित्रांच्या वह्या विकत असे. त्याच्या चित्रांत पाठलाग आहे, चपळाई आहे, विनोदही आहे. आणि मेलबर्नजवळच्या कोरँडर्कचे, वुरुंडजेरी या मूळ लोकांतले ज्येष्ठ विल्यम बराक. त्यांनी पॉसमची पांघरुणं घेतलेल्या बायकांचा समारंभ रंगवला होता. ते चित्र 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात निघालं, तेव्हा त्यांच्या वंशजांनी लोकवर्गणी काढून आणि व्हिक्टोरिया सरकारची मदत घेऊन ते विकत घेऊन घरी आणलं. परवडतं असं बराकांचं मूळ चित्र तुम्हा-आम्हाला मिळणार नाही. पण ग्रंथालयांकडून मिकीच्या चित्राची चांगली छापील प्रत घेता येते. ती क्लार्कशेजारी लावा, किंवा खरं तर क्लार्कच्या जागी, सोफ्याच्या वर. आणि आजच्या एखाद्या कलावंताचं घ्यायचं असेल तर विकणारा ‘इंडिजिनस आर्ट कोड’ (मूळ रहिवाशांच्या कलेच्या विक्रीची आचारसंहिता) पाळतो का, हे विचारून घ्या. चित्र कुणाचं आणि पैसे कुणाला, ही दोन उत्तरं न अडखळता मिळाली पाहिजेत.

म्युझियमला देण्याचं म्हणाल तर मोठ्या अपेक्षा ठेवू नका. हा संच सिडनीच्या स्टेट लायब्ररीसारख्या ठिकाणी आधीपासूनच आहे. बहुतेक सुटी चित्रं कुणीतरी जुना ग्रंथ फाडून वेगळी केलेली असतात, आणि संस्थेला फाटलेल्या ग्रंथातलं एक पान सहसा नको असतं. नम्र नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका.

ठेवायचं असेल तर कागद जपा. फ्रेमवाल्याकडे नेताना ‘आम्लरहित माउंट’ असं लिहूनच द्या. काच कागदाला टेकता कामा नये, पाठीमागे सेलोटेप किंवा फेव्हिकॉल दिसला तर चित्र तिथून उचला. जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या खळीने अडकवणं ही खरी पद्धत. पिवळे-तांबूस डाग असतील तर घरी काही लावू नका. ऑस्ट्रेलियात कागदाच्या जतनाचं शिक्षण घेतलेले लोक मिळतात, त्यांच्या व्यावसायिक संस्थेकडे नावांची यादी असते. जलरंग उन्हाने उडतात आणि परत येत नाहीत, म्हणून भिंत निवडताना लक्षात ठेवा की तिकडे ऊन उत्तरेकडून येतं. पुण्याच्या सवयीने ‘उत्तरेची खिडकी म्हणजे सावली’ धराल तर चार उन्हाळ्यांत धुराबरोबर माणूसही फिका होईल.

राहिला यांचा पुण्याचा बेत. ऑस्ट्रेलियातून सांस्कृतिक महत्त्वाच्या काही वस्तू बाहेर नेण्यावर 1986 च्या कायद्याचं बंधन आहे. असं एखादं सुटं छापील चित्र अडण्याची शक्यता कमी, तरी न्यायच्या आधी त्या खात्याला लेखी विचारून घ्या. पण खरी गंमत इकडच्या बाजूला आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारताबाहेर नेण्यावर आपल्याकडे 1972 चा कायदा आहे, आणि उद्या मुलीला ते चित्र परत सिडनीला हवं झालं, तर पुरातत्त्व खात्याचे उंबरठे झिजवावे लागतील. त्यात पुण्याचा पावसाळा आणि बंद फ्लॅट, म्हणजे कागदाला बुरशी ठरलेली. यांना सांगा, पुण्याच्या भिंतीसाठी दुसरं काहीतरी बघू.